रणगाड्याच्या गेमची धून

सांगतो, पण हसायचं ते शेवटी, एकदाच. मधेमधे हसलात तर माझी लिंक तुटते आणि मग मी आणखी भलतंच काही बोलून बसतो. तो माझा जुना आजार आहे.

अमरावतीत माझी साउंड सर्व्हिस आहे. लग्न, गणपती, शाळेचं गॅदरिंग, कुणाचा सत्कार, काहीही असो, स्पीकर आपले. या धंद्यात माणसाला एक गर्व होतोच, कानाचा. भर गर्दीत कोणता स्पीकर फाटलाय ते मी रस्त्यावरून सांगतो. मुद्दा काय, तर माझ्या कानावर माझा पूर्ण भरवसा होता. 'होता' म्हणतोय, लक्षात घ्या.

माझी ताई अकोल्याला दिलेली. तिची मुलगी सायली. सायलीचं लग्न ठरलं ऋषीशी. पोरगा अकोल्याचाच, घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतो आणि काम संपलं की त्याच कॉम्प्युटरवर गेम खेळतो. सायलीही तशीच. दोघांची ओळखच मुळी एका गेममध्ये झाली, एकमेकांना गोळ्या घालताना. आमच्या वेळी आधी पत्रिका बघत आणि गोळ्या नंतर सुरू होत. असो.

तर या दोघांनी ठरवलं, की नवरी मांडवात येताना सिनेमाचं गाणं नको. व्हिडिओ गेमचं संगीत वाजवायचं, तेही बँडवर. आता आपल्याकडे नवरीला बोहल्यापर्यंत कोण आणतो? मामा. म्हणजे मी. ज्या संगीतावर मला चालायचंय त्याबद्दल दोन शब्द बोलायचा मला हक्क आहे की नाही?

दोन शब्दांवर थांबलो असतो तर काहीच झालं नसतं.

साखरपुड्याची जेवणं आटोपली. ताई आतल्या खोलीत विहिणींच्या घोळक्यात होती. बाहेर ओट्यावर ऋषीनं मोबाइलवर एक तुकडा ऐकवला, कुठल्याशा परदेशी गेमचा. ढीगभर व्हायोलिनं, मागे बायामाणसांचा कोरस, आणि ढोल असे, की जेवण वर आलं.

"मामा, हे ऑल टाइम ग्रेटेस्ट हाय," तो म्हणाला. "जगात कुठंबी इचारा."

"जवाईबापू, हे काय म्युझिक झालं?" मी म्हणालो. "तुमी गेम खेळून राहिले का मिरवनूक काढून राहिले?"

ऋषीचे मित्र हसले. ऋषी नाही हसला. त्यानं मला पटवायला सुरुवात केली. या गेममध्ये बर्फाळ गावात शिरलं की पियानो वाजतो, तो ऐकून तो एकदा रडला होता म्हणे. मी म्हटलं, पियानोवर कोणीही रडवेल, टूंटूं आवाजावर रडवून दाखवा. सायली म्हणाली, संगीत खेळ संपल्यावर डोक्यात राहिलं पाहिजे, भांडी घासताना तोंडात आलं पाहिजे. ऋषी म्हणाला, डोक्यात तर जाहिरातीही राहतात. असं तासभर चाललं. चहा आला, गेला, दुसरा आला.

"मंग तुमच्या मतानं कोनतं वो मामा?" सायलीनं शेवटी विचारलं.

इथे गप्प बसता आलं असतं. पण मी मांडी ठोकून बसलो.

"आमच्या लहानपनी टीव्हीले लावायचा गेम होता," मी सुरू केलं. "कॅसेटीत फुंकर मारून लावा लागे. त्याच्यात एक रनगाड्याचा गेम. चित्र म्हनशीन तं एक चौकोन दुसऱ्या चौकोनाले गोया मारते. पन म्युझिक? म्युझिक जिवंत होतं. आपन भिताडामागं लपलो का हळू व्हायचं. समोरून रनगाडा आला का फास्ट."

"त्या काळच्या मशीनमंदी? होऊच नाई शकत," ऋषी म्हणाला.

"तुमी ऐकलं का? नाई ना? मी ऐकलं. कानाचा धंदा हाय आपला. मधात थे असं थांबे, जसं कोनी श्वास घेऊन राहिलं. अन् हिवाळ्यात त्याचा आवाज बसे."

"मशीनचा आवाज बसे?"

"थंडीनं," मी ठणकावून सांगितलं. "अन् हारलो का एक वेगळी धून. खाली खाली उतरत जानारी. इतकी उदास, का रिमोट आपोआप हातातून खाली ठेवल्या जाये. कधी कधी तं आपला रनगाडा जिवंत असूनबी थे वाजे. मशीनले आधीच समजे का आता याचं काही खरं नाई. अन् ताईची खेळाची पायी आली का म्युझिक बंद. ताईले खेळता नव्हतं येत, मशीनबी नाराज."

आता तुम्ही हसताय. मी सुरुवातीलाच काय म्हणालो होतो?

ऋषीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, की मामा थापा मारतायत. पण सायली उठून उभी राहिली. सासरची सगळी मंडळी बसलेली, आणि ही पोरगी म्हणते, "ठरलं. मामाचंच म्युझिक वाजन. माहा मामा खोटं नाई बोलत. आनजा मामा तुमी."

सांगा, यानंतर माणसानं काय करावं? लग्न तोंडावर, बँड ठरलेला, आणि पोरीनं होणाऱ्या नवऱ्याची आवड बाजूला सारून सगळ्यांदेखत माझ्यावर भरवसा टाकलेला. मला अभिमान वाटला आणि त्याच्या पाठोपाठ कळलं, की आता ती धून कुठूनतरी शोधून आणणं भाग आहे.

सायलीनं इंटरनेटवर शोधलं. रणगाड्याचे गेम निघाले पुष्कळ. माझ्या आठवणीतला हुबेहूब गेमही निघाला. त्यात सुरुवातीला एक टुडुटुडु, आणि मग नुसती घरघर.

"हे डुप्लिकेट हाय," मी म्हणालो. "आमच्याकडं ओरिजिनल होता."

आमचा गेम बाबांनी अमरावतीच्या फुटपाथवरून आणला होता. पण वाद घालताना हे कुठे आठवतं?

मग मी बँडच्या मास्तरांना धून गुणगुणून दाखवायला गेलो. माझा कान सोन्याचा असला तरी गळ्याशी त्याचा काही संबंध नाही. मास्तरांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवून शांतपणे ऐकून घेतलं.

"मामासाहेब, ट्रॅक्टर चालू होऊन राहिला का हा?" त्यांनी विचारलं. "मी काहीबी वाजवतो, पन आधी धून तं द्या."

शेवटी अकोल्याच्या जुन्या शहरात टीव्ही दुरुस्तीची दुकानं पालथी घातली. एका दुकानात ढिगाऱ्याखाली ते यंत्र सापडलं, आणि कॅसेटही तीच, तेच चित्र. दुकानदार म्हणाला, "न्या, पन याच्यात आयकासारखं काही नाई." मी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. ऑटोत ते यंत्र मी मांडीवर घेऊन बसलो होतो, लहान लेकराला घेतात तसं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी ताईच्या घरी सगळ्यांना बोलावलं. ऋषी आला, त्याचे आईवडील आले, मास्तर क्लॅरिनेट घेऊन आले. माळ्यावरचा जुना डबा टीव्ही काढला. आणि मी, साउंडवाला माणूस, अमरावतीहून लग्नासाठी दोन मोठे स्पीकर आधीच घेऊन आलो होतो. म्हटलं, जगातलं सर्वांत भारी संगीत टीव्हीच्या चिमणीएवढ्या स्पीकरवर ऐकवायचं? अपमान आहे. दोन्ही स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना उभे केले. मी जमिनीवर मांडी घातली, रिमोट हातात घेतला. ताई मागे दिवाणावर रुखवताच्या रुमालाला झालर लावत बसली होती. या भानगडीतलं तिला काही माहीत नव्हतं, तिला लग्नाचीच कामं पुरून उरली होती.

बटण दाबलं. टुडुटुडु. आणि मग त्या दोन मोठ्या स्पीकरमधून घरघर. नुसती घरघर.

"आता सुरू होईन," मी म्हणालो.

नाही झालं. मी भिंतीमागे लपलो, काही नाही. मुद्दाम शत्रूच्या तोंडी गेलो, काही नाही. मागे कुणीतरी खोकलं.

"मामा, पुढच्या लेव्हलले येत असन," ऋषी म्हणाला. तो मला सांभाळून घेत होता, आणि त्यानं मला जास्तच मेल्यासारखं झालं. सायलीकडे बघायची माझी हिंमत नव्हती. तिनं सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं होतं आणि मी तिला घरघर आणून दिली होती. माझी मान खांद्यात गेली, डोळे चुरचुरायला लागले. या वयात, व्हिडिओ गेमपुढे.

आणि तेवढ्यात ते आलं.

तीच धून. हळू, मग जरा चढती, मधे श्वासाएवढं थांबणारी. मी ताडकन ताठ झालो.

"आलं ना? आयका आता," मी टीव्हीवरची नजर न हलवता ओरडलो. "म्हनत नव्हतो मी? सायले, आवाज वाढव."

सायलीनं स्पीकरचा आवाज वाढवला. घरघर वाढली. धून तेवढीच राहिली.

आता धंद्यातल्या माणसाच्या हे लक्षात येणारच. "पाहा जवाईबापू," मी म्हणालो, "स्पीकर दोन्ही समोर लावले, अन् म्युझिक मागून येऊन राहिलं. याले म्हनतात सराउंड साउंड. त्या काळात. आहे का तुमच्या ऑर्केस्ट्रात?"

मला वाटलं, सगळे दिपून गेले. मी विजयी चेहऱ्यानं मागे वळलो.

सगळे ताईकडे बघत होते. ताई सुईत दोरा ओवत होती आणि ओठ मिटून, नाकातून, ती धून गात होती.

मी बघतच राहिलो. तिचंही लक्ष गेलं, ती थांबली.

"काय झालं?" ती म्हणाली. "तुई मान आत गेलेली दिसली, मले वाटलं आता हा रडते. सुरू झाली मी."

"ताई, हे म्युझिक तू..."

"मंग कोन? बाबा सूतगिरनीत रातपायीले. दिवसभर त्याच खोलीत झोपून राहत. टीव्हीचा आवाज झाला असता तं मशीन माळ्यावर गेलं असतं. अन् आवाज बंद केला का तू भोंगा पसरे. एवढासा होता तू. मंग मागं बसून मीच करत जाऊ म्युझिक."

हिवाळ्यात आवाज का बसायचा, मधे श्वास कोण घ्यायचं, सगळं मला एका झटक्यात कळलं. ताई खेळायला बसली की संगीत का बंद पडायचं, तेही. मला ताईच्या पाया पडावंसं वाटलं. पण त्याआधी एक गोष्ट विचारणं भाग होतं.

"अन् हारल्यावरची धून?"

ताई झालरीकडे बघत हसली. "थे मले खेळाचं असलं का."

"म्हंजे मी हारत नव्हतो?"

"तू कायले हारते? तू लय जिंके. म्हनून तं थांबवा लागे तुले."

पहिला हसला तो ऋषी. मग त्याचे वडील, मग मास्तर, आणि मग त्यांच्यात मीही. सायली तेवढी हसत नव्हती. ती आईच्या गळ्यात पडली होती.

"मामा, हारलो मी," ऋषी म्हणाला. "जगातल्या कोन्याच गेममंदी असं म्युझिक नाई."

मास्तरांनी ताईपुढे बसून धून घेतली. "हळू कुठं, फास्ट कुठं?" त्यांनी विचारलं.

"याच्या मानेकडं पाहजा," ताई म्हणाली. "मान आत गेली का फास्ट."

आणि त्या भल्या माणसानं लग्नात खरंच तसंच केलं. मी सायलीचा हात धरून निघालो, क्लॅरिनेटवर ताईची धून, हळू, अगदी नवरीच्या चालीची. अर्ध्या वाटेवर मला भरून आलं, मान आत गेली, आणि बँड सुसाट सुटला. शालू सावरत सायली आणि मी जवळजवळ पळतच बोहल्यावर पोचलो. वऱ्हाडाला वाटलं, मुहूर्त टळून राहिला.

अक्षता पडल्या. मग माझ्याच स्पीकरवर, माझाच माईक घेऊन मी दोन शब्द बोलायला उभा राहिलो. गेमचं सर्वश्रेष्ठ संगीत कोणतं, हे लोकांना कळलं पाहिजे की नको? फुटपाथवरच्या त्या यंत्रापासून सुरुवात केली. खाली पंगतीची पानं मांडून झाली होती, लोक भुकेले होते, पण मी रंगात आलो होतो. लय जिंकत होतो, खरं सांगतो.

तेवढ्यात स्टेजच्या कोपऱ्यातून, अगदी हळू, ती दुसरी धून आली. खाली खाली उतरत जाणारी.

मी वाक्य अर्धं सोडलं. माईक ताईच्या हातात दिला. तिनं "चला, जेवाले बसा" म्हटलं आणि सगळा मांडव उठला. मी मात्र तिथेच तिच्या बाजूला उभा राहिलो, हात मागे बांधून, आपली पाळी परत कधी येते याची वाट बघत.