केरूनाना घोडं हाकतात

वडूजला माझ्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या केरूनानांचा मला वीट आलाय. गरम पाण्यानं आंघोळ करायची, सुनेच्या हातचा दोनदा चहा घ्यायचा आणि मग ओट्यावर बसून कण्हायचं, "आता काय राह्यलं न्हाई गड्या. मेंढरामागं हुतो तवा राजा हुतो." बारा वर्षं हेच. पोरगा कुणाल साताऱ्याला कारखान्यात राबतो. त्यानं बांधलेलं घर ह्यांना खुराडं वाटतं.

यंदा तर हद्दच झाली. "दिवाळी झाली की पुतण्याच्या कळपासंगं निघतो. बनीला बी नेतो."

बनी म्हणजे त्यांची बायको, सत्तरीची बनाबाई, दोन्ही गुडघे गेलेली. ज्वारी पाखडता पाखडता तिचा हात थांबला.

मी काडी टाकली, "नानी, मग राणी हून जाताय म्हना की."

"जाते की," ती म्हणाली. "पर आवं, ह्या खेपंला मेंढरं मी वळनार. घोडं तुमी घ्या."

घोडं म्हणजे त्याच्या पाठीवर लादलेला अख्खा संसार. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, नवी कोकरं. बाप्ये कळप घेऊन पुढं. बाया घोडं हाकत मागं, आणि मुक्कामाला पोचलं की पाणी, चूल, भाकरी त्यांचीच.

"त्यात काय अवघड हाय? आधी चार दिस मी बघून येतो," म्हणत नाना पुतण्या तानाजीच्या तळावर गेले. तानाजीची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. घोडं नानांच्याच हाती आलं.

तिसऱ्या दिवशी गंमत बघायला मी मोटारसायकल काढली. शी. परातीत पीठ, पिठात लेंडी. कोकरू धोतरावर हगलेलं. नानांच्या कानामागं टच्च फुगलेली गोचीड. हातात हिरव्या पाण्याची घागर.

नाना एवढंच म्हणाले, "गाडीवर जागा हाय का रं?"

घरी आल्यावर बनाबाईनं विचारलं, "पानी किती लांब हुतं?"

"मैलभर."

"किती खेपा केल्या?"

"रोज दोन."

"मी आठ करत हुते. सोनिया झाली त्या दिसाला बी."

"त्या दिसाला बी?" नानांनी विचारलं. म्हणजे लेकीच्या जन्माच्या दिवशी बायको काय करत होती, हे ह्या राजाला आज कळत होतं. त्या गोचिडीपेक्षा मला ह्याची जास्त किळस आली.

नानांनी नळाला तांब्या भरून तिच्यापुढं ठेवला. तिनं हात लावला नाही.

"तानाजीला काय सांगितलंसा?"

"न्हाई येत म्हनून."

"कोन?"

"दोघं बी."

मग तिनं तांब्या उचलला.