चकाकती मिशी

सिनाईतल्या दाहबच्या किनाऱ्यावर हमदाला कोणी हमदा म्हणत नाही. थोरल्या मुलाच्या नावाने ती उम्म सालिम आणि तिचा नवरा औदा, अबू सालिम. औदाची जुनी जीप आणि हमदाच्या राखेतल्या भाकऱ्या, या दोन गोष्टींवर त्या घराने तीस वर्षे काढली. अल्लाने एक दिवसही चूल थंड ठेवली नाही. रिसॉर्टांत उतरलेले पाहुणे चार दिवस पाठीला हवेचा सिलिंडर बांधून समुद्रात बुड्या मारतात आणि पाण्याने पोट भरले की त्यांना वाळवंट आठवते. मग त्यांना दऱ्याखोऱ्यांतून फिरवायचे, संत कॅथरीनच्या नावाच्या उंच डोंगरावर न्यायचे, वरून सूर्य मावळताना दाखवायचा आणि सुखरूप परत आणून सोडायचे, हे औदाचे काम. पाहुण्यांत बाईमाणूस असले की हमदाही पिठाची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसते.

जीभ तिची तिखट. दारावर मासळी घेऊन येणारा माणूस तिच्याशी भाव करायला घाबरतो. पण पाहुण्यांपुढे ती जीभ आपोआप म्यान होई. लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात बजावले होते, "पोरी, पाहुण्याला तीन दिवस काही विचारायचं नसतं. कुठून आलात, का आलात, कधी जाणार, सगळं चौथ्या दिवशी. आणि चौथ्या दिवशी तो आपणहूनच सांगतो." जीपमधले पाहुणे तर एकाच दिवसाचे, त्यांचा चौथा दिवस कधी उजाडतच नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत हमदाने एकाही पाहुण्याला प्रश्न म्हणून विचारला नव्हता. नावेही तिला ठाऊक नसत. तिच्या लेखी ते "चहात साखर नको म्हणणारी" किंवा "पाच भाकऱ्या खाऊन झोपलेला" असेच राहत.

त्या वर्षी वसंताच्या सुट्टीत दूरच्या मैदानी मुलखातल्या तंता शहरातून बापलेक आले होते. उस्ताद फिक्री, पस्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, वय त्रेसष्ट. मुलगी नेव्हीन, औषधांच्या दुकानात काम करणारी. सकाळी नऊला जीप निघाली. उस्ताद पुढे औदाशेजारी बसले, नेव्हीन मागे हमदाजवळ.

"बाबा, टोपी घाला."

"घातली तर वारा कसा लागणार?"

"टक्कल भाजेल."

"भाजू दे की. तंत्याला गेल्यावर लोकांना पुरावा काय दाखवू? तुझे फोटो? त्यात मी अर्धाच असतो."

औदा स्टिअरिंगवर हात आपटून हसला. नेव्हीन हमदाकडे वळली. "मावशी, या माणसाला कालव्यात पाय बुडवायची भीती वाटायची. आता पाच दिवसांत नऊ बुड्या! आई असती तर खाटेला बांधून ठेवलं असतं. बरं, अजून कासव दिसलं नाही म्हणून रोज रुसून बसतात."

"सगळ्यांना दिसतं," उस्ताद पुढूनच म्हणाले. "परवा एका दहा वर्षांच्या पोरीला दिसलं. मला बघितलं की ते तोंड फिरवतं."

"आज मात्र कोरडा दिवस," नेव्हीन म्हणाली. "बुडी शिकवणाऱ्या मास्तरांनी दोघांनाही बजावलंय. डोंगरावर जायचं असेल तर आदल्या दिवसापासून पाणी बंद. बाबांनी शब्द दिलाय. पहाटे नुसते फिरायला गेले होते, मी उठायच्या आत परत."

हमदाने मान डोलावली आणि सहज समोर पाहिले. जीपच्या आरशात उस्तादांचा चेहरा नेमका बसला होता. पांढरी, राखलेली, भरदार मिशी. आणि ती मिशी उन्हात चकाकत होती.

तेल लावले असेल, तिने मनाशी म्हटले. शहरातले लोक काय काय लावतात. पण जीप वळली, ऊन त्यांच्या तोंडावर आले, तेव्हा तिला कपाळावरून गालापर्यंत उतरलेली एक फिकट तांबूस कड दिसली. नाकासकट डोळे झाकणारा बुडीचा घट्ट चष्मा नुकताच काढला की उमटते तशी.

मिशीला तेलतूप कशासाठी लावतात, हे तिला कोणी शिकवायला नको होते. मिशीच्या केसांमधून पाणी चष्म्यात शिरते, म्हणून मिशीवाले लोक बुडीआधी तिच्यावर काहीतरी ओशट चोपडतात. आता व्हॅसलिन मिळते. तिच्या दिराच्या वेळी शेळीचे तूप होते.

थोरला दीर जुमा, औदाचा मोठा भाऊ, आता मुलाच्या नावाने अबू सुवेलम. तीस वर्षांपूर्वी किनाऱ्यावर बुड्यांचे पहिलेवहिले दुकान निघाले, तेव्हा तिथे लागलेला पहिला बदू, म्हणजे वाळवंटातल्या टोळ्यांचा माणूस. मासा लाजेल असा पोहणारा. त्या दिवशी सकाळी तो खोल जाऊन आला होता आणि दुपारी डोंगरात मामेभावाचे लग्न होते. दुकानातला परदेशी मास्तर मागोमाग कुंपणापर्यंत आला होता. मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला, "जुमा, आज वर नको. खोल पाण्यात अंगात मुरलेली हवा बाहेर पडू दे, नाहीतर उंचावर रक्तात तिचे बुडबुडे होतात. उद्या जा." जुमा हसला, ओल्या मिशीवरून हात फिरवला आणि ट्रकवर चढला. कुंपणाच्या आत चुलीपाशी हमदा होती, लग्नाला चाळीस दिवस झालेली. तिने शब्द न् शब्द ऐकला. पण नव्या नवरीने थोरल्या दिराशी तोंड उघडून बोलायचे नसते, त्याच्या वाटेत आडवे यायचे तर नाहीच. ट्रक गेला. लग्नात नाचता नाचता जुमाचे गुडघे दुखू लागले आणि संध्याकाळपर्यंत पाय त्याचे राहिले नाहीत. जीव वाचला, अल्लाची मर्जी. तेव्हापासून तो काठीवर आहे. आणि हमदाने ते ऐकले होते, हे आजवर औदालाही ठाऊक नाही.

चढण सुरू होण्याआधी दरीत एक मोठी बाभूळ आहे. तिथे चहा आणि भाकरी, हा ठरलेला थांबा. औदाने जाळ केला. हमदाने कणीक मळली, थापली, निखारे बाजूला सारून भाकरी गरम वाळूत ठेवली आणि वरून राख लोटली. हात काम करत होते, नजर उस्तादांवर. ते सावलीला बसून डावा कोपर चोळत होते.

ती लाकडे आणायच्या निमित्ताने जीपमागे गेली आणि औदाला खुणेने बोलावले.

"अबू सालिम, त्यांना विचारा, पहाटे पाण्यात होते का."

"कोणाला?"

"मला विचारता कोणाला? मिशी बघा त्यांची."

औदाने बघितली. त्याचाही चेहरा उतरला. पण तो म्हणाला, "मुलीसमोर? माझा पाहुणा आहे तो, उम्म सालिम. त्याने शब्द दिलाय म्हणून ती सांगते आणि मी त्याला खोटं पाडू? लोक काय म्हणतील, औदाच्या जाळावर पाहुण्याची उलटतपासणी होते?"

"मग वर न्या. वर पोचल्यावर लोक काय म्हणतील?"

"कदाचित तेल असेल."

"कदाचित," हमदा म्हणाली. "कोणी अडवलं असतं, तर तुमच्या भावालाही कदाचित काही झालं नसतं."

औदा खाली मान घालून टायरला पायाने ढोसत राहिला. हमदाने लाकडे तिथेच टाकली, बिस्मिल्ला म्हटले आणि जाळापाशी येऊन उस्तादांच्या समोर बसली. हबकचा, म्हणजे रानपुदिन्याचा, पाला घातलेला चहा त्यांच्या हातात दिला.

"उस्ताद," ती म्हणाली, "मिशीला काय लावलंत?"

नेव्हीन फिस्सकन हसली. "मावशी, खरंच की! बाबा, हे काय? वर डोंगरावर कोणी वधू बघायला ठेवलीय का?"

उस्तादही हसले, पण त्यांचा हात मिशीकडे जाता जाता थांबला. "वाळवंटाची हवा कोरडी असते, उम्म सालिम. मिशीचीही काळजी घ्यावी लागते."

"आणि कपाळावरची कड?"

"उशी कडक आहे रिसॉर्टची. देवाशपथ सांगतो..."

"थांबा!" हमदाने दोन्ही हात पुढे केले. इतका मोठा आवाज तिने पाहुण्यावर कधी काढला नव्हता. "शपथ नका घेऊ. माझ्या जाळावर बसून खोटी शपथ कोणी घेतली, तर ते पाप तुमच्याबरोबर मलाही लागेल. आधी माझं ऐका. मग घ्यायची तर घ्या."

आणि तिने जुमाची गोष्ट सांगितली. तूप, मास्तर, ट्रक, लग्नातला नाच. लांबवली नाही. शेवटी म्हणाली, "मी कुंपणाआड उभी होते. ऐकलं आणि गप्प बसले. एकदा गप्प बसले, पुन्हा नाही बसवत. विचारलं म्हणून रागवा, शिव्या द्या, रिसॉर्टात जाऊन सांगा की बदूची बायको उद्धट आहे. पण खरं सांगा."

जीपजवळ औदा उभा होता. तीस वर्षांत तोही हे पहिल्यांदाच ऐकत होता.

उस्तादांनी चहाचा पेला वाळूत ठेवला. मुलीकडे बघितले नाही. "सहा वाजता गेलो. सहा चाळीसला वर आलो. आमच्या मास्तरांकडे नाही, शेजारच्या दुकानात. दुपारी काय करणार विचारलं त्यांनी. मी म्हटलं, झोपणार."

"बाबा!"

"उद्याची बस होती ना, नेव्हीन. कासव..."

"दिसलं?"

"नाही."

नेव्हीनला रडावे की ओरडावे कळेना. तिने दोन्ही एकदम केले. हमदाने विचारले, "आणि हा कोपर? कधीपासून दुखतो?" उस्ताद म्हणाले, सकाळपासून, थोडा. तेवढे ऐकून औदाने जाळावर पायाने वाळू लोटली. "जीपमध्ये बसा. खाली जायचं." राखेतली भाकरी राखेतच राहिली, आणि हे हमदाच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा घडले.

उतरतानाच्या वाटेवर नेव्हीनने मागून बापाचा खांदा घट्ट धरून ठेवला होता, जणू सोडला तर तो पुन्हा पाण्यात उडी घेईल. हमदाच्या ओठांवर कुराणातली आयत चालू होती, बोटे जपमाळेवर. फोनला रेंज आली तशी औदाने बुड्यांच्या दुखण्याचे डॉक्टर गाठले. ते म्हणाले, सरळ इकडेच आणा.

डॉक्टरांनी उस्तादांना डोळे मिटून एका रेषेत चालवले, एका पायावर उभे केले, नाकाला प्राणवायू लावून तासभर निजवले, कोपर दाबला, वाकवला, पुन्हा दाबला. बाहेर बाकावर नेव्हीन आणि हमदा हातात हात घालून बसल्या होत्या. औदा दुपारची नमाज पढून आला, तरी आत सामसूम. शेवटी दार उघडले.

"सिलिंडर कोणी उचलला होता?" आतून डॉक्टरांचा आवाज.

"मीच," उस्तादांचा आवाज. "तिथला मुलगा म्हणत होता राहू द्या, पण म्हटलं, आपण काय म्हातारे आहोत?"

"आहात. स्नायू लचकलाय. बाकी काही नाही." डॉक्टर बाहेर आले. "उद्या सकाळपर्यंत नजर ठेवा, काही वाटलं तर लगेच या. वर गेला असतात तर मी काय सांगितलं असतं, ते आज सांगायची गरज पडली नाही. अल-हम्दुलिल्लाह म्हणा आणि घरी जा."

हमदाने म्हटले. तिघांनी म्हटले. उस्तादांनी इतक्या मोठ्याने म्हटले की डॉक्टरांनी पुन्हा वळून पाहिले.

दुपारचे जेवण मग हमदाच्या अंगणात झाले, भात आणि भाजलेला मासा. जुमा नेहमीप्रमाणे समुद्राकडे तोंड करून काठी मांडीवर घेऊन बसला होता. उस्तादांना बघून त्याने आधी मिशीच न्याहाळली.

"व्हॅसलिन?"

"व्हॅसलिन."

"वाया गेलं. शेळीच्या तुपाला तोड नाही. फक्त मांजरं मागे लागतात."

औदाने मागे वळून हमदाकडे बघितले. ती काय समजायचे ते समजली. ताट खाली ठेवून दिरासमोर येऊन उभी राहिली, ओढणी पुढे घेतलेली, जशी त्या दिवशी असेल.

"अबू सुवेलम, त्या दिवशी मास्तर बोलले ते मी ऐकलं होतं. चुलीपाशी होते. बोलले नाही."

जुमाने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मास्तर सहा फूट उंच होता," तो म्हणाला. "त्याचं ऐकलं नाही मी. तुझं ऐकलं असतं? चाळीस दिवसांच्या नवरीचं? उलट आईला सांगितलं असतं, ही पोरगी फार बोलते, हिला परत धाडा. मग या भाकऱ्या कोणी केल्या असत्या?" आणि खो खो हसला. "तीस वर्षं हेच पोटात घेऊन बसलीस? वेडी कुठली. तरी मी म्हणतो, मला नेहमी मोठा मासा का वाढतेस."

हमदा ओढणीआड हसली की रडली, ते तिचे तिला ठाऊक. पण त्या दिवशी मोठा मासा तिने उस्तादांना वाढला आणि जुमाने तक्रार केली.

मासा अर्धा संपला असेल, तेवढ्यात जुमाने काठी पाण्याकडे रोखली. खडकांच्या अलीकडे, उथळ पाण्यात, एक काळपट डोके वर आले, श्वास घेतला आणि खाली गेले. "तुमचं कासव. रोज याच वेळेला येतं."

"कुठे? कुठे?" उस्ताद उठून धावले. त्यांचा लांबचे बघायचा चष्मा जीपमध्ये राहिला होता.

बापलेकींनी बस एक दिवस पुढे ढकलली. दुसऱ्या दिवशी नऊला जीप दारात उभी राहिली. हमदा पिठाची पिशवी घेऊन आली, पण चढली नाही. उस्तादांच्या पुढ्यात उभी राहिली. औदाला कळले काय येते आहे ते. तो वाकून टायर बघू लागला, ज्या टायरांना काही झाले नव्हते.

"उस्ताद, कालपासून पाण्यात?"

"फक्त आंघोळ, उम्म सालिम. बादलीतली. नेव्हीन साक्षीला दाराबाहेर उभी होती."

"आणि कोपर?"

"कुरकुरतो, पण माझ्यासारखाच. उगाच."

हमदाने मिशी निरखून बघितली. कोरडी होती, एक केस दुसऱ्याला चिकटलेला नव्हता. "चला, अबू सालिम," ती म्हणाली, "टायर झाले बघून."

बाभळीपाशी औदाने कालची राख उकरली. भाकरी निघाली, काळी, टणक, काठीने वाजवली की टणटण वाजणारी. हमदा ती शेळ्यांसाठी बाजूला ठेवणार, तर उस्तादांनी हातातून घेतली, रुमालात बांधली आणि पिशवीत ठेवली. म्हणाले, शाळेच्या कपाटात सिनाईचे दगड आहेत, त्यांच्या शेजारी ठेवायला सांगतो. मग ते सगळे वर गेले आणि सूर्य मावळताना पाहून, अल्लाच्या कृपेने, आपापल्या पायांनी खाली आले.