टॉवरला घातलेली वेसण

सॉल्व्हंटच्या कारखान्यात सगळे त्याला टॉवरमास्तर म्हणत. उंच टॉवरच्या बुडाशी मिश्रण उकळायचं, हलकं ते वाफ होऊन वर चढायचं, जड ते खाली राहायचं. आणि बुडाला किती वाफ द्यायची, ते हा कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर बसून ठरवायचा. उभी हयात त्यात गेली. देवाने दुसरं काही दिलं नव्हतं, त्यानेही मागितलं नव्हतं.

मग टॉवर पुढे काय करणार हे आधीच ओळखून वाफ कमीजास्त करणारा प्रोग्राम आला. तो बसवणाऱ्या मॅडम त्याच्या लेकीच्या वयाच्या.

"मास्तर, आता तुम्ही नुसतं बघायचं."

"नुसतं बघायचं काम माझ्या सासूबाई छान करतात, त्यांना बोलवा!"

मॅडमही हसल्या. घरी मात्र तो धुमसत होता.

"अहो, थोडं देवावर सोडा," बायको म्हणाली.

"देवावर सोडेन. त्या डबड्यावर नाही."

प्रोग्रामने वाफ कुठून कुठवर हलवायची, त्या दोन मर्यादा ऑपरेटरच्या हातात होत्या. मास्तरने त्या इतक्या जवळ आणल्या की बिचाऱ्याला कूस बदलायलाही जागा उरली नाही. पडद्यावर प्रोग्राम 'चालू' दिसायचा. टॉवर हाकायचा मास्तरच, मर्यादा हळूच सरकवत. घातली वेसण, म्हणून स्वारी खूश.

माल असा शुद्ध निघाला की मोठे साहेब स्वतः आले. "प्रोग्राम झकास चाललाय! मग इथे माणूस कशाला बसवायचा?"

मास्तर पेचात पडला. बोलावं तर लबाडी उघडी पडणार, गप्प बसावं तर खुर्ची जाणार. तो गप्प बसला. त्याला बाहेर पंपांवर पाठवलं.

"मी उठलोय ना, आता बघ कसा बोंबलतो टॉवर," तो बायकोला म्हणाला. तिने देवापुढे हात जोडले, पण मागावं काय ते सुचेना. दुसऱ्याचं बिघडू दे, असं कसं मागणार?

काही दिवसांनी मॅडम पंपांपाशी आल्या. "मास्तर, मर्यादा फारच आवळल्या होत्या हो तुम्ही. मी सैल केल्या."

"मग?"

"वाफ कमी लागतेय. मालही आणखी चांगला येतोय." जाता जाता त्या थांबल्या. "साहेबांना मी काही सांगितलं नाही."

शिवी दिली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

रात्री ताटावर बायकोने हळूच विचारलं, "काय हो, बिघडला का?"

"नाही," तो म्हणाला. "पाणी दे."