कोरडा फडका

कळसाडीच्या चेतनाला राग आला की तिच्या तोंडून पुस्तकी मराठी निघे. एरवी घरात अहिराणीच. सासूबाई कौसाबाई तिला ‘कचेरीनी भाषा’ म्हणत, आणि ती सुरू झाली की गप्प बसत.

सोमवारी लॅपटॉपचा आवाज गेला. चार वाजता चेतना मुलांचा ऑनलाइन वर्ग घेई. पडद्यावर मुलं ओठ हलवत होती, ऐकू काही येईना. सकाळीच कौसाबाईंना लॅपटॉप पुसताना तिनं पाहिलं होतं. शेजारच्या मीनाबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या, त्यांच्यादेखतच ती कडाडली, “ओल्या फडक्यानं याला हात लावू नका, किती वेळा सांगायचं? कळत नसेल तर निदान लांब राहा!”

“कोरडा फडका व्हता, बेटा,” एवढंच म्हणून कौसाबाई आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप दुरुस्तीला न्यायचा म्हणून चेतना निघाली, तेव्हा त्याही सोबत शहाद्याला आल्या. एसटीत लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेतली, पण धरली फक्त बंदांना.

दुकानात अनीसभाईंनी लॅपटॉप उघडून जरा शोधाशोध केली. “भाभी, पाणी-बिणी काही नाही. आवाजाचा ड्रायव्हरच नाही यात.”

“ड्रायव्हर नही ते गाडी कशी चाली?” कौसाबाई म्हणाल्या.

“बराबर बोलल्या, आजी! स्पीकर ही गाडी, तिला चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. रविवारी दुपारी कोणीतरी काढून टाकलाय.”

रविवारी दुपारी लॅपटॉपमधली जागा मोकळी करायची म्हणून चेतनानंच अनोळखी नावांचे प्रोग्रॅम भराभर उडवले होते. तिचे कान तापले. अनीसभाईंनी कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवला, टाकला, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. टुंग! कौसाबाई खुदकन हसल्या. चेतनाला वर बघवेना. परतीच्या वाटेत माफीचे शब्द ओठांवर आले, पण सगळे कचेरीच्या भाषेतले; तिनं ते गिळले.

ओट्यावर मीनाबाई होत्याच. “काय निंघनं वो? पानीच ना?”

“नही वो, ड्रायव्हर पयी गया व्हता,” कौसाबाई पटकन म्हणाल्या.

म्हणजे पळून गेला. चेतनाची चूक झाकली गेली होती. ती नुसती आत गेली असती तरी चाललं असतं. ती उंबऱ्यातच थांबली.

“पयना नही, मीनाबाई. मीच काढी टाका व्हता. मायनी काहीच चूक नही.”

मीनाबाईंच्या बोटांतली लसणाची पाकळी तशीच राहिली.

आत गेल्यावर चेतनानं खुंटीवरचा कोरडा फडका काढून सासूबाईंपुढे धरला. कौसाबाईंनी तो घेतला, आणि टीव्ही पुसायला लागल्या. लॅपटॉपकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.