शांततेचा हप्ता

स्वतःच्या घरातच माणसाला खरी शांतता लाभते. कामगारांच्या घरकुलांचे उद्घाटन करताना पाहुण्यांनी हे सांगितले आणि फेटा सावरत टाळ्यांची वाट पाहिली. विधान दुर्दैवाने खरे निघाले.

तोवर आम्ही टॉवेलच्या कारखान्यामागे मालकाच्याच एका खोलीत भाड्याने राहत होतो. वडील पलीकडे माग चालवत. भिंत एकच, त्यामुळे खडखडाट दोन्हीकडे सारखा. हादऱ्यांनी फळीवरची भांडी पुढे सरकत. अम्मा येता-जाता ती मागे ढकलायची. बोलायचे म्हणजे ओरडायचेच, हे आम्हाला जन्मजात ठाऊक.

नव्या घरी पहिल्याच संध्याकाळी शेजारीण दारात आली.

"मावशी, भांडणं मिटवा की. पोरांचा अभ्यास हाय."

"भांडण कुटलं?" अम्मा ओरडली. "चहा घेता का म्हटलं त्यांना!"

"मग घ्या म्हणावं एकदाचं!"

इथे भांडी ठेवली तिथेच राहत. तरी अम्मा सवयीने त्यांना मागे ढकलायची.

वडिलांना मात्र ही शांतता परवडेना. पाळी सुटायच्या आधीच वसाहतीकडची शेवटची बस निघून जाई. रिक्षा केली तर दिवसभराची कमाई रिक्षावाल्याची. मग ते कारखान्यातच गठ्ठ्यांवर झोपू लागले. आठवड्याच्या सुट्टीला घरी येत, पाहुण्यासारखे.

अम्माने आयुष्यभर एकच मागितले होते: स्वतःच्या दाराला स्वतःचे कुलूप. ते मिळाले. ते लावून आम्ही जुन्या खोलीत परतलो.

आता तिकडे कर्जाचा हप्ता, इकडे भाडे, आणि पगार एकच. घर हातचे जाणार, हे अम्मा न ओरडता म्हणाली, म्हणून आम्ही घाबरलो.

मार्ग मालकानेच काढला. "कारखान्याचा पत्रा गळतोय, माल भिजतोय. तुमचं घर मोकळंच हाय की. द्या गोदामाला. भाड्यात हप्ता सुटंल."

वडील म्हणाले, "मालक, आमच्या खोलीचा पत्रा बी गळतोय."

"तुमी काय माल हाय व्हय?"

मालक मोठ्याने हसला. वडीलही हसले, नोकरी त्याच्याकडेच होती. अम्माने किल्ली काढून दिली.

दोन खोल्या, संडास, नळ, वर पक्का स्लॅब. टॉवेल कोरडे आहेत.