मी पुसलेला निरोप

"लिहा," अध्यक्षा म्हणाल्या. "गैरसमज झाला. एवढंच लिहा."

जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात तीसेक बायका बसल्या होत्या. माझ्यापुढे वही होती, हातात पेन. मी लिहिलं नाही.

मग त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या घराण्याच्या दारात आजवर कधी पोलिसांची जीप आली नव्हती. कांचघरच्या चाळीत रोज येत असेल. त्यामुळे आमच्या लेखनिक बाईंना त्याचं काही वाटलं नाही."

पुढच्या रांगेतल्या चार-पाच जणी हसल्या. बाकीच्या साडीचे पदर नीट करत बसल्या.

पोरांनो, माझ्या नातवंडांनो, मी हे तुम्हांला इंग्रजीत लिहू शकले असते. तुम्हांला वाचायला सोपं गेलं असतं. पण अपमान मराठीत झाला. म्हणून मराठीतच लिहिते. अडलं तर आईला विचारा.

मी कांचघरची, म्हणजे जबलपूरच्या कामगार वस्तीतली. माझे वडील कारखान्यात फिटर होते, नागपूरकडून आलेले. मी मिशनच्या शाळेत शिकले, मग सरकारी कार्यालयात इंग्रजी स्टेनो झाले. मंडळाला माझं इंग्रजी हवं होतं. चाळीस वर्षं मंडळाची सगळी पत्रं मी लिहिली. सही अध्यक्षांची. आधी आताच्या अध्यक्षांच्या सासूबाईंची, मग यांची. पिढ्यान् पिढ्या जबलपुरात मान असलेलं घराणं. समारंभाच्या फोटोत मी कधीच नसते, कारण माझं टेबल दाराशी, चपलांच्या मांडणीजवळ असतं. मला कुणी नावानं हाक मारत नाही. लेखनिक बाई.

मला त्याचा राग येत नव्हता. हे आधी कबूल करते. उलट मला अभिमान होता. माझ्या वहीत खाडाखोड नसे. बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला तेव्हा ॲडमिनही मलाच केलं. नियम मीच लिहिले, सात. चौथा नियम असा: ग्रुपवर फक्त मंडळाचं काम, घरगुती गोष्टी नकोत. कुणी नियम मोडला की मी तो निरोप पुसायची आणि तारीख-वेळेसह वहीत उतरवून ठेवायची. पुसलं त्याचीही नोंद हवी, ही ऑफिसची सवय.

त्रिपुरी पौर्णिमेला मंडळाला लाख वाती लावायच्या होत्या. प्रत्येकीनं घरी वाती वळायच्या आणि रोज संध्याकाळी किती झाल्या ते ग्रुपवर टाकायचं. वैशाली सगळ्यांत पुढे होती. ही अध्यक्षांच्या पुतण्याची बायको, चौतीस वर्षांची, माहेर छिंदवाड्याचं. नवरा कामानिमित्त बाहेरगावी, मूलबाळ नाही. जबलपुरातल्याच गोरखपूर भागात दुसऱ्या मजल्यावर दिवसभर एकटी. ती इतक्या वाती कशी वळते याचं आम्हांला कौतुक होतं. दिवसभर दुसरं काहीच करत नसणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पौर्णिमेच्या आठ दिवस आधी, सकाळी अकरा वाजता तिचा निरोप आला.

"ज्यांना पाहिजे त्यांनी माझ्या वाती घेऊन जा. डबा दाराबाहेर ठेवून राहिली. अकरा हजार झाल्या, बाकीच्या कोणी करून टाका. मी खूप थकून गेली. सगळ्यांनी माफ करा."

पहिलं उत्तर आलं, असं ऐन वेळी कसं चालेल. दुसरं, थकतो तर आम्हीही बाई, आणि पुढे हसरा चेहरा. तिसरं अध्यक्षांचं: "घेतलेलं काम पूर्ण करावं. मन रमतं." मग कुणाच्या तरी नातवाला चित्रकलेत बक्षीस मिळालं, त्याचा फोटो आला. त्याच्याखाली टाळ्याच टाळ्या.

मी नियम चार लावला. निरोप पुसला. ग्रुपवर तिथे एवढंच राहिलं की हा निरोप ॲडमिननं पुसला आहे. खाली माझं नाव. मग मी तिला वेगळा निरोप पाठवला: कृपया नियम क्रमांक चार पाहावा. कृपया लिहिलं होतं. मला वाटलं, मी सभ्यपणे वागले.

तिचं उत्तर लगेच आलं. "सॉरी काकू. आता त्रास नाही देणार कोणाला."

मी चष्मा पुसला, वही उघडली आणि तिचा पुसलेला निरोप फोनवरून उतरवून घेऊ लागले. पुसण्याआधी मी त्याचं चित्र काढून ठेवत असे. स्क्रीनवर मी तो नजरेनं पाहिला होता. हातानं लिहिताना पहिल्यांदा वाचला. डबा दाराबाहेर. बाकीच्या कोणी करून टाका. सगळ्यांनी माफ करा.

माफ कशाबद्दल?

पेन थांबलं.

मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. तिसऱ्यांदा तिनं उचलला.

मी विचारलं, जेवलीस का. भित्र्या माणसाचा प्रश्न. मला दुसरंच विचारायचं होतं आणि तो शब्द तोंडातून निघत नव्हता. आमच्यात तो शब्द उच्चारत नाहीत. उच्चारला तर लागतो म्हणतात. मी सत्तर ओलांडलेली, इंग्रजी शिकलेली बाई, आणि एका शब्दाला घाबरत होते.

मग विचारलं. "वैशाली, तू मरायचा विचार करून राहिली का?"

मी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"हो काकू," ती म्हणाली. "काहून विचारता? तुम्हीच तर पुसून टाकलं."

मी म्हणाले, चुकलं माझं. आता पुसणार नाही. तू बोल, मी ऐकते.

घरात तुमच्या आजोबांचा फोन आहे, त्याचा नंबर मी अजून चालू ठेवला आहे. तो दुसऱ्या हातात घेतला. मन खचलेल्यांसाठीच्या सरकारी मदतीचा एक नंबर वर्तमानपत्रातून कापून मी फ्रिजवर लावला होता, कधी लागेल म्हणून नाही, कापून ठेवायची सवय म्हणून. तो लावला. एका मुलीनं उचलला. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माताजी, फ़ोन मत काटिए। समझाइए मत, सुनिए। और किसी को अभी उसके पास भेजिए।" शिवाय पोलिसांच्या तातडीच्या नंबरवर कळवा, म्हणाली.

समजावू नका, हे सगळ्यांत कठीण होतं. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. तुला काय कमी आहे, सोन्यासारखा नवरा आहे, आईबापांचा विचार कर. मी दातांखाली जीभ धरली. वैशाली सांगत होती की तीन महिने झोप नाही. डॉक्टरकडे जाते म्हटलं तर सासरचे म्हणाले, आपल्या घरात वेड नाही. अध्यक्षाबाईंना तिनं स्वतः जाऊन सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, वाती वळ.

माझ्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे शेजाऱ्यांचा नंबर लिहिलेला असतो. सगळ्याजणी त्यावरून माझी थट्टा करत. वैशालीच्या खाली एक गुप्ता दीदी राहतात, शिवणकाम करतात. दुसऱ्या फोनवरून त्यांना सांगितलं. त्या मशीन तशीच सोडून वर गेल्या. दाराला आतून कडी होती. त्या दाराबाहेर, वातींच्या डब्याशेजारी, जमिनीवर बसल्या. मला फोनमधून त्यांचा आवाज ऐकू येत होता. "बेटा, मैं यहीं बैठी हूँ। खोलने का मन हो तब खोलना। मेरे घुटने वैसे भी उठने नहीं देंगे।"

तेवढ्यात वैशालीच्या घशातून एक आवाज आला. हसू होतं की रडू, मला कळलं नाही.

मी पोलिसांना कळवलं, घराबाहेर, अधारतालच्या रस्त्यावर येऊन ऑटो पकडला. फोन कानाशीच. ऑटोवाले भैया दोनदा मागे वळून बघत होते. मी बोलत होते काय, तर हूं, अच्छा, हो ग. एवढंच. गोरखपूरला पोहोचले तेव्हा दार उघडलं होतं. वैशाली गुप्ता दीदींच्या मांडीत डोकं ठेवून पडली होती. जीप माझ्या मागोमाग आली. खाली गर्दी जमली. सरकारी दवाखान्यात तिला घेऊन गेलो. मी तिची चप्पल हातात घेऊन चालत होते, कारण ती अनवाणी निघाली होती.

अध्यक्षाबाईंचा फोन संध्याकाळी आला. वैशाली कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही. जीप कुणी बोलावली, एवढंच विचारलं.

चार दिवसांनी ती सभा. विषय एकच: घराण्याची बदनामी. मी वहीत गैरसमज झाला असं लिहायचं, ग्रुपवर माफी मागायची, वैशालीला ग्रुपमधून काढायचं.

आणि मग ते कांचघरच्या चाळीचं वाक्य. ते हसू.

मी उठले. दाराजवळच्या त्या टेबलामागून मी चाळीस वर्षांत कधी बोलायला उठले नव्हते. मी वही उघडली आणि वाचलं.

अकरा वाजता निरोप आला. निरोप पूर्ण वाचला. मग उत्तरं, नावांसकट. थकतो तर आम्हीही बाई, हे जिनं लिहिलं होतं ती दुसऱ्या रांगेत होती, तिनं मान खाली घातली. मन रमतं, हेही वाचलं. मग माझी ओळ. "अकरा पंचवीस. निरोप मी पुसला. नियम चार. कारण विचारलं नाही."

"बसा खाली," अध्यक्षा म्हणाल्या.

"नाही बसत. गैरसमज झाला नाही. ती मरत होती आणि आपण तिला वाती मोजायला सांगितल्या. मीसुद्धा. वहीत जे झालं ते आहे. त्यात मी दुसरं काही लिहिणार नाही. आणि माझ्या चाळीत कुणाच्या दाराला आतून अशी कडी लागली असती ना, तर अर्ध्या तासात अख्खी चाळ दारात उभी राहिली असती."

या वेळी कुणी हसलं नाही. कुणी माझ्या बाजूनंही बोललं नाही. हे तुम्हांला खोटं सांगणार नाही. त्या दुपारी मला ग्रुपमधून काढलं. पौर्णिमेला लाख वाती लागल्या. वैशालीच्या अकरा हजार त्यात होत्या की नाही, मला माहीत नाही.

वैशाली आता छिंदवाड्याला आईकडे आहे. तिचा फोन नवऱ्यानं काढून घेतला. मी दर बुधवारी तिच्या आईच्या फोनवर बोलते. औषध चालू आहे. झोप थोडी लागते. पण सासरचे म्हणतात, झाली बरी, पुरे करा गोळ्या, परत पाठवा. आई डगमगते आहे. मागच्या बुधवारी वैशाली म्हणाली, "काकू, मला भीती वाटून राहिली." कशाची, हे मी विचारलं. तिनं सांगितलं: परत तिथे एकटी राहिली तर पुन्हा तेच मनात येईल याची. मी पुढच्या बुधवारपर्यंत थांबणार नाही.

तुम्ही दिवसभर त्या पडद्यावर असता. तिथे कुणीतरी असंच लिहील, मधेच, कुठल्यातरी फोटोच्या वर. त्याला हसरा चेहरा पाठवू नका. नियम दाखवू नका. सरळ विचारा, तोच शब्द वापरून विचारा, आणि उत्तर हो आलं तर फोन ठेवू नका, त्याच्या जवळच्या माणसाला तिथे पाठवा. तो म्हणाला कुणाला सांगू नको, तरी सांगा. तो रागावेल. रागावायला जिवंत तर राहील. आणि तुमच्यावर अशी वेळ आली तर मला लिहा. मीही तुम्हांला तेच विचारणार आहे, त्याच शब्दात.

मंडळानं वही परत मागितली आहे. दोन चिठ्ठ्या आल्या. वही माझ्या कपाटात आहे आणि तिथेच राहील. उद्या सकाळच्या बसनं मी छिंदवाड्याला जाते आहे. वैशालीच्या गोळ्या कुणी बंद केल्या, तिला परत त्या दुसऱ्या मजल्यावर एकटीला कोंडलं, तर जीप त्या दारात पुन्हा येईल. मी आणीन. आणि वहीत वेळ लिहीन.