वॉल्टरचं घर, सुर्वेचा कागद

इकामा, म्हणजे सौदीतला राहण्याचा परवाना, खिशात घेऊन फिरलेली तीन माणसं एका टेबलाशी बसली, की चहा निवायच्या आत किस्से सुरू होतात. आमचे तर आखाती युद्धातले! रियाधला, अल मलाझमध्ये आमच्या बांधकाम कंपनीचं ऑफिस होतं. एका खोलीत आम्ही तिघं: मी ड्राफ्ट्समन, डोंबिवलीचा सुर्वे अकाउंट्सला आणि टेक्सासचा वॉल्टर मशिनरीवर. शिक्के, व्हिसे, कागदपत्रं सगळी अबू सालेहकडे. तो तिथलाच, पण आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलायचा. आजही कधी कधी त्या खोलीत जाऊन बसावंसं फार वाटतं. स्कड क्षेपणास्त्रांच्या धास्तीसकट!

*

युद्ध पेटणार म्हटल्यावर सुर्वेनं बायकोमुलांना डोंबिवलीला पाठवलं. मग ऑफिसात गॅस मास्क आले. सुर्वेची मिशी एवढी भरघोस, की मास्क चेहऱ्याला बसेचना. साहेब म्हणाले, "मिशी काढ." सुर्वेनं आधी घरी फोन लावला.

"खबरदार!" सुमनवहिनी ओरडल्या. "मामंजी चांगले ठणठणीत आहेत. मिशी काढलीत तर लोक भेटायला येतील!"

मिशी राहिली. सायरन झाला की सुर्वे मास्क मांडीवर घेऊन बसायचा.

*

वॉल्टरची बायको वारली होती आणि टेक्सासच्या घराला कुलूप होतं. रियाधच्या फ्लॅटला त्यानं कधी पडदे लावले नाहीत. ऑफिसात चहा प्यायचा तो जॅमच्या रिकाम्या बरणीतून!

"एक कप घे की," मी म्हणायचो.

"कशाला? पुढच्या वर्षी घरी जायचंय. तिथे बारा आहेत."

"मीपण! पुढच्या वर्षी खलास!" सुर्वे लगेच म्हणायचा. अकरा वर्षं तो हेच म्हणत होता. पण त्याच्याकडे डिनर सेट दोन होते!

*

वॉल्टरचा टेक्सासमधला धंदा साफ बुडाला होता, म्हणून तर तो इकडे आलेला. एकदा सहज सांगायला लागला.

"घेणेकऱ्यांनी ट्रक नेला, मशिनं नेली, ऑफिसच्या खुर्च्यासुद्धा नेल्या. घराला मात्र हात लावता आला नाही. आमच्याकडे तसा कायदाच आहे. माणसाचं राहतं घर उधारीपायी जात नाही."

सुर्वेचे डोळे चमकले. "म्हणजे वाट्टेल तेवढी उधारी करायची?"

"कर. पण घर घ्यायलाच ज्या बँकेनं कर्ज दिलं, ती सोडत नाही."

डोंबिवलीचा फ्लॅट कर्जावरच घेतलेला. सुर्वे मुकाट्यानं लेजरमध्ये डोकं घालून बसला.

अबू सालेह दारातून म्हणाला, "हमारा काझी भी रहने का घर नहीं बेचता. आदमी सोएगा किधर?"

*

आणि ऐन युद्धात वॉल्टरच्या वकिलाचं पत्र आलं. एका जुन्या घेणेकऱ्यानं कोर्टात सांगितलं होतं, की हा माणूस घर सोडून गेलाय. बॉम्ब पडतायत तरी परत येत नाही, म्हणजे ह्याचं घर आता रियाधच. तेव्हा कायद्याचं संरक्षण काढा!

जायचं म्हटलं तरी एक्झिट व्हिसा कफीलच्या, म्हणजे आम्हाला तिथे आणणाऱ्या मालकाच्या हातात. हे टेक्सासच्या कोर्टाला कोण समजावणार?

वॉल्टरनं पत्र दोनदा वाचलं. "अंगणातली झाडं तिनं लावलीत," तो म्हणाला. बायकोबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता. "घर गेलं तर परत कुठे जाऊ?"

वकिलानं उपायही लिहिला होता. लांब राहिल्यानं घर जात नाही, परतायचा इरादा मात्र पक्का हवा. तसं सोबतच्या माणसांनी लिहून द्यावं.

*

ते निवेदन गेलं आणि घर वाचलं. उन्हाळ्यात वॉल्टर गेलासुद्धा, जॅमची बरणी मला देऊन. अजून आहे माझ्याकडे. पण खरी मजा निवेदन लिहिताना आली.

साक्षीदार सुर्वे. अबू सालेह शिक्का घेऊन समोर.

"ये वापस जाएगा, तुमको कैसे मालूम?"

"पडदे नहीं लिया. कप नहीं लिया. बॅग पलंग के नीचे भरके रखा है. रोज बोलता है, अगले साल."

अबू सालेहनं सगळं टाइप केलं, शिक्का मारला आणि चष्म्यावरून पाहिलं. "तुम भी तो रोज बोलता है. ग्यारह साल."

सुर्वे मिशीवरून हात फिरवत बसला. वाटलं, आता हसण्यावारी नेईल. पण तो हळूच म्हणाला, "अबू सालेह, ऐसा एक कागज मेरा भी बनाओ."

"तुम्हारा? कौनसे कोर्ट में देना है?"

"कोर्ट में नहीं," सुर्वे म्हणाला. "बीवी को भेजना है."

अबू सालेहनं मशीनमध्ये नवा कागद घातला. त्या कागदावर त्यानं शिक्का दोनदा मारला!